उकळल्याने जे जात नाही

वाचकहो, गेली पंचवीस वर्षे मी माझ्या रुग्णांना एक सल्ला इतक्या सवयीने देत आले आहे की तो देताना विचार करावा लागत नसे. ‘पाणी उकळून, गाळून प्या.’ कावीळ, विषमज्वर, जुलाब, उलट्या, या सगळ्यांसाठी हे एक वाक्य पुरेसे पडे आणि आजही पडते. परंतु गेल्या उन्हाळ्यात एका आजींनी आपल्या कापडी पिशवीतून एक कागद काढला आणि या वाक्याची मर्यादा मला माझ्याच दवाखान्यात समजली. ती चूक माझी होती. आपल्यापैकी ज्यांच्या घरी विहिरीचे किंवा बोअरचे पाणी वापरले जाते, त्यांच्या हाती ही माहिती असावी म्हणून आज हा विषय घेत आहे.

माझा दवाखाना पुण्याच्या पूर्वेला, हवेली आणि दौंड तालुक्यांच्या सीमेलगत आहे. हा पट्टा उसाचा, पालेभाज्यांचा आणि दुभत्या जनावरांचा. आजी सत्तरीच्या, उच्च रक्तदाबाच्या जुन्या रुग्ण. दोन गोळ्या चालू असूनही त्यांचा वरचा आकडा १६०च्या खाली यायला तयार नव्हता. लोणचे, पापड, सुकी मासळी मी कधीच बंद करवली होती, आणि आजी त्याबाबतीत खोटे बोलणाऱ्यांतल्या नव्हत्या. चिठ्ठी लिहून झाली तेव्हा त्यांनी चार घड्यांचा एक कागद पुढे केला.

‘‘लेकानं इहिरीचं पाणी तपासून आणलंय. ठिबकच्या नळ्या सारख्या चोंदत्यात म्हून. त्यात काय लिवलंय, तेवढं वाचून सांगा, डाक्टर.’’

शेतीच्या पाण्याच्या तपासणीत सहसा नसणारा नायट्रेटचा आकडा त्या कागदावर होता. एकूण विद्राव्य क्षार १,६८० मिलिग्रॅम प्रति लिटर, सोडियम २४०, नायट्रेट ११८. पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक नायट्रेटची मर्यादा ४५ ठरवते आणि त्यात सवलत ठेवत नाही. क्षारांच्या बाबतीत ५००ची मर्यादा इष्ट आहे. दुसरा स्रोतच नसेल तर २,०००पर्यंत चालवून घेतले जाते. नायट्रेटला मात्र ती मुभा नाही.

मी दचकले ते आजींसाठी नव्हे. त्यांच्या घरी तीन महिन्यांची नात होती. सूनबाईंना दूध पुरत नव्हते आणि मुलगी वरच्या दुधावर होती. दुधाची पावडर याच विहिरीच्या पाण्यात कालवली जात होती, आणि ते पाणी वीस मिनिटे खळखळून उकळण्याची सूचना माझीच होती.

उकळल्याने जिवाणू, विषाणू मरतात. विरघळलेले क्षार मरत नाहीत, कारण ते जिवंत नसतात. उलट, पाण्याची वाफ होऊन जाते आणि क्षार मागे राहतात. एक लिटर पाणी आटून पाऊण लिटर उरले, तर ११८चे १५७ होतात. ज्या घरात आजी सर्वांत काळजीपूर्वक, सर्वांत जास्त वेळ पाणी उकळते, त्या घरातल्या बाळाला सर्वांत जास्त नायट्रेट मिळते. तुरटी, क्लोरीनच्या गोळ्या, मेणबत्तीचे फिल्टर, अतिनील किरणांची यंत्रे, यांपैकी कशानेही नायट्रेट कमी होत नाही. ते कमी करणारे घरगुती साधन म्हणजे चालू स्थितीतले, वेळेवर पडदा बदललेले आरओ यंत्र.

बाळाला त्याचा धोका का, हे थोडक्यात सांगते. सहा महिन्यांपर्यंतच्या बाळाच्या जठरात आम्ल कमी असते, त्यामुळे तेथे वाढणारे जिवाणू नायट्रेटचे नायट्राइट करतात. नायट्राइट रक्तातल्या हिमोग्लोबिनमधील लोहाचे रूप पालटते आणि मग ते हिमोग्लोबिन प्राणवायू वाहून नेण्याच्या कामाचे राहत नाही. मोठ्यांच्या रक्तात हे नुकसान भरून काढणारे विकर पुरेसे असते; बाळाच्या रक्तात ते अपुरे असते. ओठ, नखे निळसर-राखी दिसू लागतात, रक्त चॉकलेटी होते. बाळाला जुलाब होत असतील तर धोका आणखी वाढतो. अमेरिकेतील आयोवा राज्यात हंटर कॉमली या डॉक्टरांनी १९४५ साली विहिरीच्या पाण्यावर वाढणाऱ्या अशा बाळांचे वर्णन प्रसिद्ध केले, तेव्हापासून हा संबंध वैद्यकाला ठाऊक आहे. मलाही तो ठाऊक होता. परीक्षेत लिहिलाही होता. माझ्या गावच्या विहिरीशी तो जोडायचे मात्र राहून गेले. एक व्यावहारिक सूचना येथेच देते. कोविडच्या काळात घरोघरी आलेले बोटाला लावायचे ऑक्सिजनचे यंत्र या आजारात फसवे आकडे दाखवते. बाळ निळसर दिसत असेल तर यंत्राकडे न पाहता रुग्णालय गाठावे.

आजींना मी तेथेच थांबवले आणि मुलाला फोन करून बाळाला आणायला सांगितले. अर्ध्या तासात मोटारसायकलवरून सूनबाई बाळाला घेऊन आल्या. मी ओठ पाहिले, जीभ पाहिली, नखे दाबून पाहिली. सारे गुलाबी होते. मुलगी माझ्याकडे पाहून हसली. त्या हसण्याने मला किती बरे वाटले, ते शब्दांत सांगता येणार नाही. त्या दिवसापासून तिच्या दुधासाठी वेगळे पाणी सुरू झाले आणि अंगावरचे दूध वाढावे म्हणून सूनबाईंशी मी पहिल्यांदाच सवडीने बोलले. आईने असे पाणी प्यायले तरी तिच्या दुधात नायट्रेट फारसे उतरत नाही, हे अशा घरांतून आवर्जून सांगायला हवे.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सत्तर वर्षे गोड म्हणून नावाजलेल्या विहिरीत हे आले कोठून?

पुणे शहर खडकवासला धरणसाखळीतून पिण्याचे पाणी उचलते. त्याच्या बदल्यात शहराचे मैलापाणी शुद्ध करून मुंढव्याच्या जॅकवेलमधून जुन्या मुठा उजव्या कालव्यात सोडायचे आणि ते शेतीला द्यायचे, अशी ही योजना आहे. ठरलेले प्रमाण वर्षाला साडेसहा अब्ज घनफूट. आमच्याकडे या कालव्याला ‘बेबी कालवा’ म्हणतात. शिवाय मुळा-मुठेच्या पात्रातून थेट पाणी उचलणारेही आहेत. हे केवळ पुण्याचे चित्र नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२१च्या अहवालानुसार देशातील शहरांत दररोज ७,२०० कोटी लिटरहून अधिक सांडपाणी तयार होते आणि त्यांपैकी जेमतेम २,००० कोटी लिटरवर प्रक्रिया होते. उरलेले नाल्या-नद्यांत जाते, आणि नदीकाठी शेती असतेच.

वाचकहो, मी या पाण्याच्या शेतीविरुद्ध नाही, हे आधीच स्पष्ट करते. दौंडसारख्या कमी पावसाच्या भागात या पाण्याने मळे जगवले आहेत, मुलांची शिक्षणे केली आहेत. प्रक्रिया केलेले पाणी नदीत वाया घालवण्यापेक्षा शेतात जिरवणे शहाणपणाचेच. परंतु शेतात जिरलेले पाणी तेथे संपत नाही. त्यातला कोणता घटक मातीत थांबतो आणि कोणता खाली निघून जातो, हे कळले पाहिजे. आपल्या पेल्यात आणि ताटात काय येते, ते त्यावर ठरते.

ज्यांच्या घरी मूत्रपिंडाचा रुग्ण आहे, त्यांना ही गोष्ट चटकन समजेल. अशा रुग्णासाठी आम्ही सांगतो की भाजी बारीक चिरून भरपूर पाण्यात भिजवा, उकळा आणि ते पाणी टाकून द्या. त्या पाण्यात पोटॅशियम उतरते. भाजीतले तंतू आणि पिष्ट मागे राहतात. शेतात दर पाळीला असेच काही घडते. याला शास्त्रात निक्षालन म्हणतात. पाणी मातीतून झिरपते आणि जे विरघळलेले आहे, मातीने धरून ठेवलेले नाही, ते बरोबर घेऊन खाली जाते. फरक इतकाच की आपण भाजीचे पाणी मोरीत ओततो, आणि शेतातले पाणी विहिरीत जाते.

मातीच्या बारीक कणांवर ऋण विद्युतभार असतो. त्यामुळे धनभार असलेले घटक, म्हणजे कॅल्शियम, शिसे, जस्त, कॅडमियम, त्या कणांना चिकटून राहतात. नायट्रेट आणि क्लोराइड यांचा भार ऋणच असल्याने माती त्यांना जवळ करत नाही. पिकाच्या मुळांनी वेळेत घेतले तर ठीक. नाहीतर पुढच्या पाळीच्या पाण्याबरोबर ते खाली उतरतात. मैलापाण्यात नत्र भरपूर असते, आणि जमिनीतील जिवाणू त्याचे नायट्रेट करतात.

एक हिशेब करून पाहा. एक एकर उसाला वर्षभरात एक मीटर उंचीचे पाणी दिले, तर ते सुमारे ४० लाख लिटर होते. उसाला प्रत्यक्षात याहून जास्तच लागते. त्या पाण्यात लिटरमागे ३० मिलिग्रॅम नत्र आहे असे धरू. म्हणजे एकराला १२० किलो नत्र, जवळजवळ सहा गोणी युरिया, केवळ पाण्यातून मिळाला. सुरू उसाला शिफारस आहे ती एकरी सुमारे १०० किलोंची. म्हणजे खताची गरज पाण्यानेच भागली. तरीही शेजारी टाकतो म्हणून आपणही युरिया टाकायचा, हा रिवाज सुटत नाही. आजींच्या मुलाला मी विचारले तेव्हा तोही पूर्ण मात्रा देत होता. तेव्हा विहीर बिघडली याचा सारा दोष शहरावर टाकून आपल्याला मोकळे होता येणार नाही. विहिरीपासून वीस पावलांवर उकिरडा होता, तो वेगळाच.

आपल्या काळ्या जमिनीची आणखी एक खोड आहे. उन्हाळ्यात ती भेगाळते. हात कोपरापर्यंत आत जावा इतक्या खोल भेगा पडतात. पहिल्या पाण्याचा किंवा वळवाच्या पावसाचा लोंढा या भेगांतून सरळ खाली उतरतो. मातीला काही गाळायची, धरायची संधीच मिळत नाही. खाली मुरूम आणि फुटका कातळ, आणि त्यातच आपल्या उथळ विहिरी. म्हणून विहिरीच्या पाण्याची एकच तपासणी पुरेशी नसते. उन्हाळ्याच्या अखेरीस एक आणि पावसाळा संपल्यावर एक, अशा दोन तरी हव्यात.

सोडियमची कथा निराळी आहे. साबण, धुण्याची पावडर आणि आपल्या मुतातून गेलेले मीठ यांमुळे शहराच्या सांडपाण्यात सोडियम बरेच असते, आणि नेहमीच्या शुद्धीकरण प्रकल्पात ते कमी होत नाही. पाणी दिसायला नितळ होते, क्षार तसेच राहतात. जमिनीत गेल्यावर सोडियम मातीच्या कणांवरून कॅल्शियमला हुसकावून त्याची जागा घेते. कॅल्शियममुळे एकत्र बांधलेले कण सुटे होतात, माती चिकट होते, पाणी वर साचून राहते. हीच आपली चोपण जमीन. शेतकरी वाचकांनी जिप्सम आणि निचरा यांविषयी कृषी विज्ञान केंद्राचा सल्ला घ्यावा. तो माझा प्रांत नव्हे. माझा प्रांत आहे तो आजींचा रक्तदाब. जमिनीत न मावलेले सोडियमही विहिरीतच उतरते. आजी उन्हाळ्यात चहा, आमटी धरून दिवसाला अडीच लिटर पाणी पोटात घेत होत्या. लिटरला २४० मिलिग्रॅम या दराने ६०० मिलिग्रॅम सोडियम, म्हणजे दीड ग्रॅम मीठ. जागतिक आरोग्य संघटना दिवसभरात पाच ग्रॅमपेक्षा कमी मीठ खायला सांगते. आजींचा जवळजवळ एक तृतीयांश वाटा जेवणाच्या आधीच, नुसत्या पाण्यातून संपत होता, आणि मी त्यांना दर महिन्याला लोणच्याबद्दल विचारत होते. ज्यांना हृदय कमकुवत असल्यामुळे किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे मीठ मोजून दिले जाते, त्यांच्या सेवेत असलेल्यांनी पाण्यातल्या मिठाचाही हिशेब धरावा.

आता जड धातूंविषयी, कारण भीती सर्वांत जास्त त्यांची असते. नुसत्या घरगुती मैलापाण्यात ते फार नसतात. पण शहरात मुलामा देण्याचे कारखाने असतात, बॅटऱ्यांची दुकाने असतात, रस्त्यावरची धूळ पावसाबरोबर गटारात जाते, आणि हे सारे एकाच वाहिनीत मिसळते. शिसे, तांबे, जस्त, कॅडमियम नायट्रेटसारखे खाली पळत नाहीत. ते वरच्या वीत-दोन वीत थरातच साठतात. मेक्सिको शहराचे सांडपाणी शंभराहून अधिक वर्षे मेझक्विताल नावाच्या खोऱ्यातील शेतांना दिले जात आहे. जगातील अशा सर्वांत मोठ्या प्रदेशांपैकी तो एक. तेथील जमिनींत जितकी वर्षे पाणी दिले, तितके धातू नांगरटीच्या थरात वाढत गेलेले दिसतात. त्याच वेळी पाणी इतके मुरले की भूजल वर आले आणि नवे झरे फुटले. त्या भूजलावर लोक आपली पिण्याची गरज भागवतात. पाणी खाली, धातू वर, अशी ही विभागणी.

आपल्या दख्खनच्या चुनखडीयुक्त काळ्या मातीचे येथे कौतुक करायला हवे. तिचा सामू सातच्या वर, आठच्या आसपास असतो आणि कणांची धरण्याची शक्ती मोठी असते; अशा मातीत धातू घट्ट बसतात. कोकणातील, गोव्यातील जांभ्या मातीचा सामू आम्लाकडे झुकतो, तेथे ही पकड सैल असते. तेव्हा पुण्याच्या शेतातला अनुभव चिपळूणच्या परसबागेला लावू नये.

आणि पकड कायमची असेलच असे नाही. बर्लिन शहराने १८७०च्या दशकापासून आपले मैलापाणी शहराबाहेरच्या शेतांवर सोडले. ती जमीन रेताड. मैल्यातील सेंद्रिय द्रव्याने धातू धरून ठेवले होते. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात नवे प्रकल्प आले, शेतांवर पाणी सोडणे थांबले, आणि तेव्हा खरा प्रश्न उभा राहिला. सेंद्रिय द्रव्य हळूहळू कुजून संपू लागले, जमीन आम्ल होऊ लागली, आणि शतकभर बांधून ठेवलेले धातू सुटे होऊन खाली जाऊ लागले. १९८०च्या दशकात तेथे लावलेल्या झाडांपैकी पुष्कळ जगली नाहीत. मला यात आपल्या हाडांची आठवण होते. शिसे हाडात जाऊन वर्षानुवर्षे निपचित बसते आणि म्हातारपणी हाडे झिजू लागली की पुन्हा रक्तात येते.

या साऱ्या धातूंत पिकाच्या पानांत सर्वांत सहज चढणारा म्हणजे कॅडमियम. शिसे बहुतांशी मुळांच्या सालीत आणि पानांवरच्या धुळीत राहते, म्हणून पालेभाजी चांगली धुण्याने आणि मुळा, गाजर, बीट सोलण्याने ते कमी होते. कॅडमियम पानाच्या आत असतो. तो धुण्याने जात नाही. शरीरात शिरला की मूत्रपिंडात साठतो आणि निम्मा व्हायला दहा ते तीस वर्षे लागतात. जपानमधील तोयामा भागात एका खाणीचे दूषित पाणी जिन्झू नदीतून भातशेतीला मिळत राहिले. मूत्रपिंडे बिघडून हाडे इतकी मऊ झाली की नुसत्या खोकल्याने मोडत. वेदनेने ‘दुखते, दुखते’ असे विव्हळावे लागे, म्हणून त्या आजाराचे नावच ‘इताई-इताई’ पडले. जपान सरकारने १९६८ साली त्याचे कारण मान्य केले. रुग्ण मुख्यतः कोण होते? पाळी गेलेल्या, अनेक बाळंतपणे झालेल्या स्त्रिया. ते खाणीचे पाणी होते, शहराचे नव्हते, आणि प्रमाणही फार मोठे होते. आपल्याकडे तसे होईल अशी भीती मी घालत नाही. पण कोणाच्या शरीराने आधी हार मानली, ते लक्षात ठेवण्याजोगे आहे. अंगात लोह कमी असले की आतडे कॅडमियम अधिक शोषते. म्हणून घरातल्या आजींचे हिमोग्लोबिन नऊवर आले असेल तर ‘वयोमानाने असायचेच’ म्हणून सोडून देऊ नका. आणि आजोबा विडी ओढत असतील, तर भाजीची चिंता करण्याआधी ती विझवा; तंबाखूच्या पानात कॅडमियम चांगलाच असतो आणि धूम्रपान करणाऱ्यांच्या अंगात त्याचा साठा इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतो.

पालेभाजी बंद करायची का, असे मला पुष्कळ जण विचारतात. नाही. पालक, मेथी, माठ यांतून मिळणारे लोह, फोलेट आणि चोथा वृद्धांना हवेच आहेत. पालेभाजीतही नायट्रेट असते, पण मोठ्या माणसाला त्याचा त्रास होत नाही. रोज एकाच विक्रेत्याकडून एकच भाजी घेण्याऐवजी भाज्या आणि जागा बदलत राहा. खरा तातडीचा धोका धातूंचा नसून जंतांच्या अंड्यांचा आणि जिवाणूंचा आहे. कच्च्या खाल्ल्या जाणाऱ्या पिकांना द्यायच्या सांडपाण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने १९८९मध्ये एक मर्यादा घातली होती: लिटरमागे जंताचे एकाहून अधिक अंडे नको, आणि १०० मिलिलिटरमध्ये विष्ठेतील जिवाणू १,०००हून अधिक नकोत. नाल्याच्या कच्च्या पाण्यात ही मर्यादा कोठल्या कोठे ओलांडली जाते. जंतांची अंडी चिकट असतात. मिठाच्या पाण्यात बुडवल्याने मरत नाहीत. पाने सुटी करून, देठाशी चोळून, वाहत्या पाण्याखाली धुवावीत आणि पूर्ण शिजवावीत. नदीकाठच्या भागातली कोथिंबीर कच्ची वरून भुरभुरण्याऐवजी फोडणीत टाका. चव थोडी जाईल, जाऊ द्या. ज्या वृद्धांना पित्ताच्या गोळ्या रोज चालू आहेत, त्यांच्या जठरातले आम्ल कमी झालेले असते, त्यामुळे जिवाणूंना अडवणारी पहिली भिंतच खाली आलेली असते. त्यांच्या ताटात कच्ची पाने नकोतच.

विहिरीच्या पाण्याची तपासणी करणे अवघड नाही. भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळा जिल्ह्याच्या ठिकाणी आहेत. जलजीवन मिशनमुळे अनेक गावांत महिलांना तपासणी संच वापरण्याचे शिक्षणही मिळाले आहे. नमुना देताना ‘नायट्रेटही पाहा’ असे तोंडाने सांगा. दुकानात मिळणारे पेनासारखे टीडीएस यंत्र एकूण क्षार सांगते, त्यात नायट्रेट किती हे सांगत नाही. धातूंची तपासणी महाग असते. पाण्यापेक्षा मातीच्या वरच्या थराची केली तर अधिक उपयोग होतो. गर्भवती स्त्री किंवा सहा महिन्यांखालील बाळ घरात असेल आणि नायट्रेट ४५च्या वर निघाले, तर त्या दोघांचे पाणी त्याच दिवशी बदलावे. आरओचे किंवा दुसऱ्या खात्रीच्या स्रोताचे पाणीसुद्धा बाळासाठी उकळावेच. उकळण्याचा सल्ला मी मागे घेतलेला नाही; त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला शिकले आहे: पाणी कोठले?

आजींचे पुढे काय झाले, हे आपण विचारालच. घरी आरओ यंत्र बसले. दीड महिन्याने वरचा आकडा १४४ आला. याचे सारे श्रेय पाण्याला देणे शास्त्राला धरून होणार नाही. त्याच दिवसांत उन्हाळा सरला होता आणि सूनबाई गोळी ठरलेल्या वेळी हातावर ठेवू लागल्या होत्या. मुलाने युरिया निम्म्यावर आणला आणि उकिरडा हलवला. दिवाळीनंतर पुन्हा तपासणी केली, तेव्हा नायट्रेट ११८ऐवजी १३१ निघाले. त्याचा चेहरा पडला. मी त्याला समजावले की पावसाने जमिनीत आधीचे साठलेले खाली ढकलले असणार. इतक्या वर्षांचे देणे एका हंगामात फिटत नाही. पुढचा नमुना तो मे महिन्यात देणार आहे.

नात आता उभी राहते. आजींची तक्रार मात्र कायम आहे. दर महिन्याला बीपी मोजून झाले की त्या पदर सावरत म्हणतात, ‘‘त्या मशिनीच्या पाण्याला चव न्हाई बगा, डाक्टर. इहिरीचं कसं गोड लागायचं.’’